मागच्या सीटवरून

आमच्या सायकलीला ब्रेक दोन, आणि दोन्ही पुढे. मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या वाट्याला आली एक घंटी. सायकल तयार झाली त्याच दिवशी मी हे बोलून दाखवलं होतं, तर आमचे हे म्हणाले, "तुझ्या हातात ब्रेक दिला तर आपण फाटकाच्या बाहेर पडणार नाही." यांचा विनोद वर्षातून दोनदा होतो, त्यातला तो एक. मी हसले आणि मागे बसले. त्याला तीन वर्षं झाली.

मला एकटीला सायकल येत नाही. लहानपणी शिकायची राहिली. मोठेपणी यांनी शिकवायला घेतली तेव्हा मी आधी कुंपणात, मग गटारात आणि शेवटी शेजाऱ्यांच्या पायरीवर जाऊन थांबले. यांनी हात टेकले. पण हे कारखान्यात फिटर होते, आणि फिटर माणसाला हात टेकल्यावर हात रिकामे ठेवणं जमत नाही. दोन जुन्या सायकली कापून यांनी एक लांब सायकल जोडली, दोन सीटची, दोन पायडलांची, दोघांचे पाय एकाच साखळीला बांधलेले. पुढच्याने पाय फिरवले की मागच्याचे फिरतात, त्याने थांबवले की थांबतात. आमची मुलगी तिला 'लांबडी' म्हणते.

लांबडीवर मागे बसणाऱ्याने दोन गोष्टी पाळायच्या. एक, पायडल मारत राहायचं. दोन, वाकून पुढे बघायचं नाही, कारण मागचा वाकला की पुढच्याच्या हातातलं हँडल डुचमळतं. त्यामुळे मला समोर दिसायची ती फक्त यांची पाठ. यांचे खांदे कपाटाएवढे रुंद आहेत. डावीकडचं आणि उजवीकडचं जग मात्र सगळं माझं.

ही सफर बारा दिवसांची होती. आमच्या घरापासून निघायचं, समुद्र डावीकडे ठेवायचा आणि बाराव्या दिवशी लेकीच्या दारात उतरायचं. लेक बंदराच्या शहरात राहते. अकराव्या दिवशी यांनी मुद्दाम थोडंच अंतर ठेवलं होतं, पंचवीस किलोमीटर, सगळा सपाट, समुद्राला लागून जाणारा जुना रस्ता. मोठी वाहनं नव्या रस्त्याने जातात, इकडे कोणी फिरकत नाही. आरामाचा दिवस, असं यांनी वहीत लिहिलं होतं. त्या आरामाच्या दिवशी मला कळलं की यांना डावीकडचं दिसत नाही. उजवीकडचंही फारसं नाही. आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला बंदराच्या शहरात शिरायचं होतं, ट्रक, बस आणि दुचाक्यांच्या मधून.

सकाळीच आमचं वाजलं होतं. लॉजची खोली लहान होती, दोन खाटा, मध्ये एक टेबल, खिडकीच्या गजांवर खारा गंज. यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला तो अर्धा बाहेर, आणि तो खाली पडून फुटला. मी म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुमचं?" तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"आई, उद्या मी शहराच्या बाहेर पुलापाशी टेम्पो घेऊन येते. सायकल टेम्पोत टाकू, तुम्ही दोघं पुढे बसा. आतल्या रस्त्यावर काय चालतं ते तुला माहीत नाही."

"मला पटतंय," मी म्हणाले.

यांनी हात पुढे करून फोन घेतला. "टेम्पो नको. अकरा दिवस सायकलवर आलो, शेवटचे पाच किलोमीटर सामानासारखा येऊ? तुझ्या दारात सायकलवरूनच उतरणार." आणि फोन ठेवला.

मी मुलीची बाजू घेतली. ट्रक म्हटले, वय म्हटलं, जे सुचलं ते म्हटलं. हे बुटांच्या नाड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "तुला काय? तू मागे बसून नुसती बोलत असतेस."

नुसती बोलत असतेस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

या वाक्याने मला एवढं का लागावं ते सांगायला हवं. तीस वर्षांच्या संसारात माझ्या बोलण्याला यांच्याकडून एकच उत्तर मिळालेलं आहे: "हं." मी कामाला आहे त्या दुकानातल्या गमती सांगायचे, हं. बहिणीचं भांडण सांगायचे, हं. एकदा मुद्दाम म्हणाले, आज स्वयंपाकघराला आग लागली होती. हं. पण या सफरीत पहिल्या दिवसापासून हे विचारत होते, "डावीकडे काय आहे गं?" "उजवीकडून कोण येतंय?" "सांग ना, काय दिसतंय?" मी सांगत गेले. डावीकडे भिंत पडलेली आहे, दगड रस्त्यावर आलेत. उजवीकडून एक बाई कुत्रं घेऊन येतेय, कुत्रं मोकळं आहे. पुढे डावीकडे रस्त्याची कड तुटलीय, खाली खडक आहेत. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा आणि हे ऐकायचे, आणि आणखी विचारायचे. चौथ्या दिवशी मी मुलीला फोनवर म्हणाले होते, "तुझे बाबा बदललेत गं." माझा आवाज त्यावेळी थोडा भरूनही आला होता, ती मला चिडवत राहिली.

तर त्या सगळ्यावर हे म्हणाले, नुसती बोलत असतेस. मी ठरवलं, आता एक शब्दही बोलायचा नाही. बसा.

हवा छान होती. समुद्र ओहोटीला लागला होता, ओल्या वाळूवर पक्षी चोची खुपसत होते. कोणा शेजारणीला मी त्या सकाळचं वर्णन पुढे वर्षभर ऐकवलं असतं. यांनी विचारलं, "डावीकडे काय आहे?" मी गप्प. थोड्या वेळाने पुन्हा, "अगं, डावीकडे?" मी पक्ष्यांकडे बघत बसले. तिसऱ्यांदा म्हणाले, "बोल ना." त्या 'बोल ना'मध्ये काहीतरी वेगळं होतं, आज मला ते ऐकू येतं. तेव्हा वाटलं, कशी जिरली. खरं सांगते, मला मजा वाटत होती.

रस्त्याच्या डाव्या कडेला एक म्हातारा पाय पसरून बसला होता. मांडीवर आणि रस्त्यावर त्याने मासे धरायचं मोठं जाळं पसरलं होतं आणि फाटलेली भोकं तो सुईने शिवत होता. मला तो बऱ्याच लांबून दिसला. यांनाही दिसला असणार, असंच कोणीही धरून चालेल. भरदिवसा, मोकळ्या रस्त्यावर, एवढा थोरला माणूस. लांबडी सरळ चालली होती. अजून थोडी सरळ. मी घंटी वाजवली, तीही म्हाताऱ्यासाठी, यांच्यासाठी नव्हे. म्हाताऱ्याने पाय आत ओढले आणि त्याच क्षणी पुढचं चाक जाळ्यावर चढलं, जाळं चाकात गुंडाळलं गेलं, आणि आम्ही दोघं सायकलीसकट अगदी सावकाश उजवीकडे कलंडलो.

लागलं कोणालाच नाही. म्हातारा मात्र खवळला. "डोळे आहेत की बटणं? माझे पाय गेले असते ना!"

"माफ करा, लक्ष नव्हतं," हे म्हणाले.

म्हातारा यांच्या डावीकडे उभा होता. हे बोलत होते ते भलतीकडेच, जिथे कोणी नव्हतं तिथे बघून. मग यांनी सबंध मान वळवली, खांद्यापर्यंत, आणि म्हातारा सापडल्यावर नजर त्याच्यावर थांबली.

मी चष्म्याच्या दुकानात सव्वीस वर्षं काउंटरला आहे. फ्रेम बसवते, नंबर लिहून घेते, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचते. असं मान वळवून माणूस शोधणारी गिऱ्हाइकं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. दारातून आत येताना चौकटीला खांदा लागतो. काउंटरवर ठेवलेली वस्तू कडेवर ठेवली जाते आणि पडते. समोरचं वर्तमानपत्र वाचतात, पण शेजारी उभी असलेली बायको दिसत नाही. अशा माणसाला मी चष्मा विकत नाही, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवते. माझ्या मनात पाल चुकचुकली.

हे खाली बसून चाकातलं जाळं सोडवत होते. बोटांनी चाचपून, एक एक धागा, न तोडता. ते बघून म्हाताऱ्याचा राग उतरला. "हात चांगला आहे तुमचा," तो म्हणाला. हे हसले.

पुन्हा निघाल्यावर मी अबोला सोडला. सोडला म्हणजे, मला एक गोष्ट बघायची होती. डावीकडे काळे खडक होते आणि त्यांच्यापलीकडे नुसतं पाणी. मी म्हणाले, "अहो, बघा ना डावीकडे, केवढी लाल होडी! शीड उभारलंय."

यांनी मान जराशी डावीकडे फिरवली. "हो गं. झकास आहे."

होडी नव्हतीच. पायडल फिरत होते म्हणून माझे पाय फिरत होते, नाहीतर ते माझे आहेत हेही मला कळत नव्हतं. कारखान्यात गेल्या वर्षी यांची डावी करंगळी यंत्रात सापडली होती. दुसऱ्या कामगाराच्या चुकीने, असं हे म्हणाले होते. मग दोन महिन्यांत, निवृत्तीला चार वर्षं असताना, यांनी नोकरी सोडली होती. बास झालं, असं म्हणाले होते. घरातल्या दाराला खांदा लागला की मी म्हणायचे, बैलासारखे काय चालता. सव्वीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांत बघते आहे आणि घरी आल्यावर मी कुठे बघत होते? या सफरीत तर यांची पाठच बघत होते.

आणि ते सगळं विचारणं! डावीकडे काय आहे, उजवीकडे काय आहे. मला समोरचं दिसत नव्हतं, यांना फक्त समोरचं दिसत होतं. अकरा दिवस हे माझ्या बडबडीवर सायकल चालवत होते.

"थांबवा," मी म्हणाले. "मला चहा पाहिजे."

पुढे रस्त्याच्या उजव्या हाताला पत्र्याची एक टपरी होती. चहावाली बाई एकटीच होती, गिऱ्हाईक नव्हतं. आम्ही टेबलाच्या दोन बाजूंच्या बाकांवर समोरासमोर बसलो. चहा आला. मी यांचा कप उचलून टेबलाच्या मध्यावर ठेवला आणि म्हणाले, "माझ्या नाकाकडे बघा. हलायचं नाही. माझी बोटं हलताना दिसली की सांगा."

दुकानात डॉक्टर नसले की मी हे करते. हात कानाच्या मागून सुरू करायचा आणि बोटं हलवत हळूहळू पुढे आणायची. शाबूत डोळ्याला हात कानापाशी असतानाच दिसतो. मी यांच्या डाव्या कानापासून सुरू केलं. कान गेला, गाल आला. यांचे डोळे माझ्या नाकावर होते, अगदी आज्ञाधारक. माझी बोटं यांच्या गालाला जवळजवळ लागली तरी हे काही बोलले नाहीत. उजवीकडे थोडं बरं होतं. थोडंच.

"दोन वर्षं झाली," हे म्हणाले.

चहावालीने आमच्याकडे पाठ केली आणि भांडी आवरायला लागली. समजूतदार बाई.

"काचबिंदू?"

"हं."

"डॉक्टर कोण?"

"तुझ्या दुकानातले नाहीत. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक आहेत, त्यांच्याकडे जातो. थेंब घालतो रोज. बाटली हत्यारांच्या पिशवीत असते, साखळीच्या तेलाशेजारी. त्या पिशवीला तू कधी हात लावत नाहीस."

"आणि ते काय म्हणाले?"

"गेलं ते गेलं, ते परत येत नाही. राहिलंय ते जपायचं." यांनी कप दोन्ही हातांनी धरला. "सायकल सोडा म्हणाले. गेल्या वर्षीच म्हणाले."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू मला घरात बसवलं असतंस."

"बसवलंच असतं!" मी ओरडले. "बांधून ठेवलं असतं! आणि मी कोण? मागे बसलेली मी कोण? पोतं? मला विचारावंसं नाही वाटलं, अगं, मला दिसत नाही, येतेस का माझ्या मागे बसून मरायला?"

"तू होतीस म्हणून तर निघालो," हे म्हणाले. "एकटा निघालो असतो का? तुझं लक्ष चुकत नाही. रस्त्यावरची काडी सांगतेस तू."

मी रडत होते. राग होता, भीती होती, पण त्याहून जास्त लाज वाटत होती, आणि ज्याची वाटत होती ते यांना विचारायलाच हवं होतं.

"म्हणजे मी बोलत होते ते तुम्ही रस्त्यासाठी ऐकत होतात."

यांनी कप चाचपून टेबलाच्या मध्यावर ठेवला. खोटं बोलायला आता काही हरकत नव्हती, मला ते चाललंही असतं. पण यांना ते येत नाही, लपवणं तेवढं येतं.

"आधी रस्त्यासाठी," हे म्हणाले. "नंतरचं मला सांगता येत नाही."

मी डोळे पुसले. म्हटलं, आता रडून उपयोग नाही, काहीतरी करायला हवं. त्या रात्रीचा लॉज अजून आठ किलोमीटर पुढे होता. रस्त्यावर कोणी नव्हतं, येणार नव्हतं. मी उठले आणि म्हणाले, "मी पुढे बसते."

यांनी मला अडवलं नाही. सीट खाली केली, हँडल माझ्याकडे वळवून दिलं, मागे बसले. "समोर बघ, चाकाकडे बघू नकोस. वेग आला की आपोआप तोल सांभाळला जातो." मी कुंपणात गेले तेव्हाही अगदी हेच म्हणाले होते. मी पाय टाकला. हँडल माझ्या हातात येताच ते जिवंत झालं, आधी उजवीकडे गेलं, मग डावीकडे, आणि तिसऱ्या वेळी आम्ही टपरीसमोरच्या वाळूत आडवे होतो. माझा गुडघा सोलवटला. पुन्हा केलं. पुन्हा पडलो. चौथ्यांदा पडल्यावर मी वाळूत तशीच पडून राहिले आणि मला हसू फुटलं, आणि हसता हसता पुन्हा रडू. ज्याला चालवता येतं त्याला दिसत नाही, आणि जिला दिसतं तिला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी एक सायकल सरळ धरता येत नाही. लेकीला दुरून वाटत होतं की आई-बाबा म्हातारपणी मजा करताहेत.

"ताई," चहावाली म्हणाली, "त्यापेक्षा चालत जा ना."

ती बरोबर बोलत होती. आठ किलोमीटर चालत, सायकल ढकलत, सामान लादून. जमलं असतं. दोन-अडीच तास लागले असते. मी हे पुन्हा पुन्हा सांगते आहे कारण चालत जाणं जमलं असतं, हे मला नंतर कोणी सांगायची गरज पडू नये.

हे माझ्या गुडघ्यावरची वाळू झाडत होते. म्हणाले, "मुलीला फोन कर. उद्याच्या टेम्पोला हो म्हण."

"खरंच?"

"खरंच. उद्या सायकलला हात लावत नाही. उद्याच काय, पुन्हा कधीच नाही." मग म्हणाले, "आजचे एवढे आठ चालवू दे. सपाट आहे, मोकळा आहे. समोरचं मला दिसतं गं. बाकीचं तू सांग."

मी मुलीला फोन लावला. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. तिचा आवाज ऐकल्यावर तोंडातून निघालं, "टेम्पो आण उद्या. बाबांचे गुडघे दुखताहेत."

"शेवटी ऐकलं का त्यांनी! आई, तू कमाल आहेस. काय जादू केलीस?"

"काही नाही. बोलले त्यांच्याशी," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.

मग मी मागच्या सीटवर बसले. हो, बसले. मला नाही म्हणता येत होतं आणि मी म्हटलं नाही. या माणसाने तीस वर्षांत माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, आणि आता मागत होता ते आठ किलोमीटर. शिवाय उद्याचा मोठा धोका टळला होता. टेम्पो येणार होता, बंदराचे ट्रक आता आमचं काही करू शकत नव्हते. मी मनाशी म्हटलं, फक्त डोळ्यांत तेल घालून बसायचं.

ते पहिले सहा-सात किलोमीटर मी विसरणार नाही. आता लपवालपवी उरली नव्हती, त्यामुळे हे मोकळेपणी विचारत होते आणि मी मोकळेपणी सांगत होते. डावीकडे कठडा आहे, एक हात लांब. कठडा संपला. आता गवत. उजवीकडे पिवळं घर, गच्चीवर एक माणूस टाकी धुतोय. डावीकडे खड्डा येतोय, थोडं उजवीकडे घ्या, बास. उजवीकडे शाळा आहे, सुट्टी असावी, फाटक बंद आहे. "फाटकाचा रंग?" यांनी विचारलं. फाटकाच्या रंगाचा सायकल चालवण्याशी काय संबंध? मी सांगितला. हिरवा, खालून पोपडे सुटलेला. "हं," हे म्हणाले. तो जुना 'हं' नव्हता, निदान मला तसं वाटलं. मला इतकं बरं वाटलं की मी पुढे त्या गच्चीवरच्या माणसाची बायको खालून त्याच्यावर कशी ओरडत असेल तेही रचून सांगितलं, आणि यांचे खांदे हसण्याने हलले. दोघांचे पाय एका लयीत फिरत होते. मी ठरवून टाकलं होतं की परत गेल्यावर दुकानातल्या डॉक्टरांकडे यांना घेऊन जायचं, कागद काढायचे, थेंबांची वेळ मी सांभाळायची. जमेल सगळं.

लॉजच्या गावाची घरं दिसायला लागली. डावीकडे खाली छोटा धक्का आणि त्याला बांधलेल्या नावा होत्या, उजवीकडे दुकानांची रांग सुरू होत होती. रस्ता हलकासा उतारावर आला, पायडल हलके झाले आणि माझे पाय आपोआप भराभर फिरायला लागले.

"डावीकडे नावा आहेत," मी म्हणाले. "रस्त्यापासून लांब. उजवीकडे दुकानं. एक माणूस पायरीवर बसलाय, उठत नाहीये."

"हं," हे म्हणाले. मग म्हणाले, "अगं, ऊन डोळ्यांवर येतंय. समोर काय आहे ते सांग जरा."

चार वाजले होते. ऊन दुपारपासून माझ्या पाठीवर होतं, मान भाजून निघाली होती. आमची सावली आमच्याच पुढे पडली असणार.

"अहो, ब्रेक लावा."

"लावतोय. पण कुठे थांबू? समोर काय आहे?"

यांची मान ताठ होती, जराही हलत नव्हती. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. कुठूनतरी लोकांचे आवाज येत होते, डावीकडून नाही, उजवीकडूनही नाही, आणि ते जवळ येत होते. मी घंटी दाबून धरली.

"सांग ना गं, समोर काय आहे?"

"मला कसं दिसणार?" मी ओरडले. "माझ्यासमोर तुम्ही आहात!"